नळाच्या तोटीवर क्लोरीन किती, हे रोज जाहीर करा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : पुणे महापालिकेच्या हद्दीत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता आणि तपासणीच्या निकालांची जाहीर माहिती

महोदय,

२०२५च्या जानेवारी महिन्यात पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी आणि धायरी या भागांत, गुलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. पाहता पाहता पुणे व परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींचा मृत्यू झाला आणि परिस्थितीचा आढावा घेण्यासाठी केंद्र सरकारला तज्ज्ञांचे पथक पाठवावे लागले. मी याच परिसरातील रहिवासी आहे. त्या साथीविषयी आपल्या व इतर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले; परंतु आज सकाळी माझ्या नळाला जे पाणी आले त्यात क्लोरीन किती होते, या अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सोय साथीपूर्वी नव्हती आणि अजूनही सामान्य रहिवाशाच्या हाती ती आलेली नाही. हे पत्र तेवढ्याच एका प्रश्नासंबंधी आहे.

जीबीएस हा स्वतः संसर्गजन्य आजार नाही. पोटात एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्रणेवर ठेवण्याची वेळ येते. पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. दूषित पाणी व कच्चे राहिलेले कोंबडीचे मांस हे या जिवाणूच्या प्रसाराचे नेहमीचे मार्ग आहेत. मध्यंतरी चर्चेचा सगळा भर कोंबडीकडे वळवण्यात आला होता. मांस नीट शिजवूनच खावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, परंतु रुग्ण एकाच पाणीपुरवठ्यावर अवलंबून असलेल्या पट्ट्यात एवढ्या दाटीने का सापडले, याचे समाधान त्या चर्चेतून होत नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जुलाब झाल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी हातापायांतील शक्ती जाऊ लागते. म्हणजे रुग्णालयातून पहिली वार्ता येते तेव्हा दोषी पाणी केव्हाच पिऊन झालेले असते आणि त्यानंतर घेतलेले नमुने निर्दोष निघाले तरी त्यावरून मागच्या पंधरवड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. अशा आजाराच्या बाबतीत साथ आल्यावर केलेल्या तपासणीचा उपयोग मर्यादित असतो. खरा उपयोग असतो तो रोजच्या, कंटाळवाण्या, कोणी बातमीही करणार नाही अशा तपासणीचा.

आमच्या भागाची अडचण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आली, त्यांत धायरी होते; २०२१ साली आणखी २३ गावे आली, त्यांत खडकवासला, किरकटवाडी, नांदेड आणि नांदोशी ही गावे होती. गावे हद्दीत आली, मिळकतकराची बिले आली, परंतु शहराच्या जुन्या भागाला पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रांतून गाळून व शुद्ध करून जे पाणी मिळते ते येथे आले नाही. धरणालगतच्या विहिरीतून उपसलेल्या पाण्यात ब्लिचिंग पावडर मिसळून ते गावांना सोडायचे, ही ग्रामपंचायतीच्या काळातील व्यवस्थाच पुढे चालू राहिली. साथीच्या वेळी सर्वांत आधी बोट ठेवले गेले ते याच व्यवस्थेवर. गाळणीची कोणतीही प्रक्रिया नसताना केवळ क्लोरीनवर विसंबणे किती नाजूक असते, हे पाणीपुरवठ्याच्या कामातील कोणताही जाणकार सांगेल : पाण्यात माती, शेवाळ किंवा सेंद्रिय घाण असेल तर क्लोरीनचा बराचसा भाग तिच्यावरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी फारसा उरत नाही, सांडपाण्यातून आलेला अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी बांधला जाऊन त्याची मारकशक्ती घटते. खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्त्या, हॉटेले व रिसॉर्ट यांचे सांडपाणी जलाशयात उतरते, ही तक्रार काही नवी नाही. म्हणजे कच्च्या पाण्याचा दर्जा घसरत चालला असताना त्यावरची प्रक्रिया मात्र खेड्याची वस्ती लहान होती तेव्हाचीच राहिली.

यातील एक विसंगती फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पाण्याच्या देखरेखीची एक रुळलेली पद्धत आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी द्रावणाने नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासतो, टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरचे नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि आरोग्य विभाग वर्षातून दोनदा सर्व पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर गावातील महिलांना तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची आणि निकाल संकेतस्थळावर नोंदवण्याची तरतूद झाली. ही व्यवस्था सगळीकडे चोख चालते असा माझा दावा नाही. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला चार लोकांत उत्तर द्यावे लागते, एवढा तरी तिचा धाक आहे. आमची गावे महापालिकेत आली तेव्हा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर हा कार्डांचा धाकही गेला. शहराची शुद्धीकरण यंत्रणा मिळाली नाही आणि गावाची देखरेख यंत्रणा हातची गेली, अशा अवस्थेत काही लाख लोक राहत आहेत.

आता नळातील क्लोरीनविषयी. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ नुसार, क्लोरीन वापरलेल्या पाण्यात ग्राहकाच्या टोकाला मुक्त शेष क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक उरलेला क्लोरीन, दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर तो किमान ०.५ मिलिग्रॅम असला पाहिजे. शंभर मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. यातील ‘ग्राहकाच्या टोकाला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शुद्धीकरण केंद्रावर किंवा उंच टाकीच्या पायथ्याशी घेतलेला नमुना कितीही उत्तम निघाला तरी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत जाताना क्लोरीन विरत जातो, आणि वाटेत काही घाण शिरली असेल तर तो तिच्याशी लढण्यात संपतो. म्हणूनच शेवटच्या नळाशी क्लोरीन शून्यावर येणे ही धोक्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर मिळणारी सूचना आहे. जिवाणूंची प्रयोगशाळेतील तपासणी व्हायला किमान एक-दोन दिवस जातात. क्लोरीनची तपासणी दोन-चार मिनिटांत होते आणि तिला लागणारे साहित्य प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असते.

घाण शिरते कोठून, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘आमच्याकडून पाणी शुद्धच सोडले जाते’ हे उत्तर ऐकण्याची आता सर्वांना सवय झाली आहे. आपल्याकडे पाणी दिवसाचे चोवीस तास येत नाही. ठरावीक वेळी वॉलमन पाणी सोडतो, ती वेळ संपली की वाहिनी रिकामी होते, आतला दाब नाहीसा होतो, आणि ज्या ज्या ठिकाणी सांधे निसटलेले, गंजलेले किंवा बेकायदा जोडासाठी फोडलेले असतील तेथून भोवतालच्या मातीतील ओल आत ओढली जाते. जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारी शेजारी असतील, किंवा जलवाहिनी गटारातूनच नेलेली असेल, तर ती ओल कशाची असते हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पाणी सोडल्यावर पहिली काही मिनिटे जे गढूळ व उग्र वासाचे पाणी येते ते याच ओढीचे असते. समाविष्ट गावांत मलवाहिन्यांचे जाळे अपुरे आहे, पुष्कळ इमारतींचे मैलापाणी शोषखड्ड्यांत जाते, रस्त्यांची व केबलची खोदाई बारमाही चालू असते. म्हणजे पाण्यात मैलापाणी मिसळायला जे जे लागते ते सर्व येथे एकत्र आलेले आहे.

केवळ क्लोरीनचा आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात नाल्याचे सांडपाणी यमुनेत वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत मागे आले. अभियंत्यांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे टायफॉइड आणि हगवणीची साथ आली नाही, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. जिवाणू मेले आणि विषाणू निसटले. तो विषाणू पुढे हिपॅटायटिस ई या नावाने ओळखला गेला. या घटनेपासून आपण दोन गोष्टी शिकायला हव्या होत्या. गढूळ आणि मैलामिश्रित पाण्यावर क्लोरीनचा मारा करून भागत नाही, त्याआधी गाळणी हवीच. आणि जिवाणूंचा अहवाल निर्दोष आला म्हणून पाणी निर्दोष, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून क्लोरीनबरोबर गढूळपणाचाही आकडा हवा. मानकानुसार तो एक एककापेक्षा (गढूळपणा मोजण्याचे माप, एनटीयू) जास्त नसावा, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर जास्तीत जास्त पाच एककांपर्यंत चालवून घेतला जातो. पावसाळ्यात आमच्या बादल्यांच्या तळाशी जो गाळ बसतो तो पाहता हा आकडा जाहीर करायला प्रशासन का धजावत नसेल, याची कल्पना येते.

अधिकृत माहितीच्या अभावी ती जागा बाजाराने घेतली आहे. घरोघरी येणारा विक्रेता टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि यंत्र विकून जातो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. त्यावरून जंतूंविषयी काहीही कळत नाही. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या खडकवासला साखळीतील पाणी मुळातच कमी क्षारांचे आहे, त्यामुळे मीटरवर उत्तम दिसणाऱ्या पाण्यातही कॅम्पायलोबॅक्टर सुखाने असू शकतो. अशा पाण्याला आरओची, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या यंत्राची, गरज नसते. उलट त्या यंत्रातून बरेचसे चांगले पाणी वाया जाते. ज्या भागांत टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तेथे आरओच्या वापरावर निर्बंध आणावेत, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच केंद्र सरकारला सांगितले होते. बोअरवेलच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. परंतु तेथेही शोषखड्ड्यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटकडे अधिक लक्ष हवे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यात कोणतीही सवलत नाही, आणि पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. चंद्रपूर-यवतमाळकडील फ्लोराइडसारखा प्रश्न आमच्याकडे नाही, एवढे आमचे नशीब म्हणायचे.

जारच्या आणि टँकरच्या पाण्याची गत याहून वेगळी नाही. साथीच्या काळात या परिसरातील खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याची तपासणी झाली तेव्हा अनेक ठिकाणचे नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लकच नसतो. त्यामुळे न धुतलेला जार, उघडी टाकी किंवा एखादी गळकी नळी एवढ्यानेही ते पुन्हा दूषित होऊ शकते. बाटलीबंद पाण्याला मानक आहे, परवाना आहे. सील न लावता विकल्या जाणाऱ्या थंड पाण्याच्या जारची जबाबदारी नेमकी कोणाची, यावर वर्षानुवर्षे टोलवाटोलवी चालू आहे. टँकर ज्या विहिरींतून भरतात त्या विहिरींच्या पाण्याचे अहवाल कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला मागूनही मिळत नाहीत, हा माझ्या माहितीतील बहुतेक सोसायट्यांचा अनुभव आहे. नळाच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून माणूस जार घेतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याची तपासणी नळाच्या पाण्याहूनही कमी वेळा होते.

दरवर्षी मृगाच्या सुमारास ‘नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे’ असे आवाहन प्रसिद्ध होते. साथ चालू असताना ते योग्यच आहे. परंतु वर्षाचे बाराही महिने, सर्व भागांना, सरसकट दिलेला हा सल्ला म्हणजे सल्ला नसून जबाबदारी झटकणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला रोजचे पिण्याचे पाणी उकळण्यासाठी लागणारा गॅस भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बांधकाम मजुराच्या घरात कोठून यावा? आणि वर्षभर सर्वांनाच उकळायला सांगितले, तर खरोखर धोका असलेल्या आठवड्यात वेगळे काय सांगणार? सूचना विशिष्ट भागासाठी, विशिष्ट दिवसांसाठी आणि आकड्यासह आली तर लोक ती पाळतात, कारण ती खरी वाटते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य सांगितले आहे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सार्वजनिक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. मुंबई महापालिका आपल्या वार्षिक पर्यावरण अहवालात प्रत्येक विभागातील अयोग्य नमुन्यांची टक्केवारी छापते. ती वर्षातून एकदाच येते हा तिचा दोष, पण कोणत्या विभागाचे पाणी अधिक बिघडले हे मुंबईकराला निदान नावानिशी कळते. ओडिशातील पुरी येथे २०२१ साली नळाचे पाणी थेट पिता येईल अशी योजना सुरू झाली, तेव्हा पाण्याच्या गुणवत्तेचे आकडे सार्वजनिक जागी पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था करण्यात आली. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहराचे १४१ विभाग आखलेले आहेतच. प्रत्येक विभागातील टाकीपासून सर्वांत दूरच्या एका सार्वजनिक नळावर पाणी आल्यानंतर क्लोरीन मोजावा, त्याच नळावर गढूळपणा पाहावा, आठवड्यातून एकदा जिवाणूंची तपासणी करावी आणि हे निकाल तारीख, वेळ व ठिकाणासह त्याच दिवशी संकेतस्थळावर व क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावेत, एवढेच काम आहे. मूळ योजनेच्या आखणीत नसलेल्या समाविष्ट गावांसाठी असेच विभाग पाडून सुरुवात तेथूनच करावी, कारण जोखीम तेथे आहे. नमुना अयोग्य निघाला तर चोवीस तासांच्या आत त्या विभागातील रहिवाशांना मोबाइल संदेशाने कळवावे. मिळकतकराची आठवण करून देणारे संदेश याच क्रमांकांवर वेळच्या वेळी येत असतात.

आकडे जाहीर केले तर लोकांत घबराट पसरेल, असा आक्षेप घेतला जातो. २०२५च्या जानेवारीत घबराट पसरली ती आकडे कळल्यामुळे नव्हे. कोणाच्या पाण्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वेगळी अफवा फिरत होती, म्हणून. मनुष्यबळ कमी आहे, हा दुसरा आक्षेप थोडा खरा आहे. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने ग्रामीण भागातील जलसुरक्षकाच्या धर्तीवर प्रत्येक विभागात दोन-तीन रहिवाशांना प्रशिक्षण देऊन क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन तपासण्याचा छोटा संच, पुरवावा. निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. सोसायट्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. भूमिगत आणि गच्चीवरच्या टाक्या वर्षातून किमान दोनदा धुणे, टाकीचे झाकण बंद ठेवणे आणि धुतल्याची तारीख सूचना फलकावर लिहिणे यासाठी महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण रस्त्यावरील वाहिनीतून चांगले आलेले पाणी आमच्याच टाकीत नासले तर त्याचा दोष आमचा.

समाविष्ट गावांसाठी स्वतंत्र जलशुद्धीकरण केंद्र उभारण्याची घोषणा साथीनंतर झालेली आहे. ते केंद्र प्रत्यक्षात यायला किती वर्षे लागतील हे निविदांच्या एकंदर गतीवरून ताडता येते, आणि मधल्या काळात येणारा प्रत्येक पावसाळा आम्हाला गाळणीविना असलेल्या पाण्यावरच काढायचा आहे. तोपर्यंत महापालिकेने निदान दोन गोष्टी कराव्यात, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. जानेवारी २०२५ पासून या पाच गावांतील नळांवर घेतलेल्या सर्व नमुन्यांचे निकाल, कोणत्या नळावर कधी घेतले या तपशिलासह, एकत्र प्रसिद्ध करावेत. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावातील शेवटच्या नळावरचा क्लोरीनचा आकडा रोज जाहीर करण्यास प्रारंभ करावा.

कळावे,

आपला नम्र,
समाविष्ट गावातील एक करदाता रहिवासी,
सिंहगड रस्ता, पुणे